चूक कोणाची, हे कोणी विचारलंच नाही

दादाचा फोन आला तेव्हा माझा डावा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये होता. खूप दुखतंय का, हे त्यानं आधी विचारलं. लगेच पुढचा प्रश्न, "गाडीचा नंबर घेतलास ना? वकील कोण बघितलास?" मी म्हटलं, वकील नाही, दावा लावताच येत नाही. तो क्षणभर गप्प झाला आणि मग भडकला. "अगं, त्यानं तुला झेब्रा क्रॉसिंगवर उडवलं आणि तुला कोर्टात जाता येत नाही? हा कसला कायदा?"

त्याला उत्तर देताना माझी फार तारांबळ उडाली, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

अपघात इथे न्यूझीलंडमध्ये, ऑकलंडला, संध्याकाळी झाला. पावसाची भुरभुर होती, मी अर्धा रस्ता ओलांडला होता आणि वळून आलेल्या गाडीचा धक्का लागला. मनगटाचं हाड मोडलं, गुडघा सोलवटला. चालक साठीच्या आसपासचे गृहस्थ. ते धावत आले, फुटपाथवर माझ्याशेजारी बसले आणि अँब्युलन्स येईपर्यंत माझ्यावर छत्री धरून होते. "माझी चूक, मी पाहिलंच नाही," असं ते पोलिसांसमोर आणि तिथे थांबलेल्या दोन माणसांसमोर पुन्हापुन्हा म्हणत राहिले. आपल्याकडे अपघातानंतर भर रस्त्यात कोणी असं कबूल केल्याचं मी पाहिलेलं नाही. त्या क्षणी मला तो माणूस देवासारखा वाटला.

हॉस्पिटलात नर्सनं एक फॉर्म भरून घेतला. त्याला इथे एसीसी ४५ म्हणतात. कुठे लागलं, कधी, तेव्हा काय करत होतात, नोकरी काय करता. मी तयारीतच होते: गाडी कुठून आली, सिग्नल कुठे होता, मी कुठे होते. तिनं त्यातलं काहीच विचारलं नाही. चूक कोणाची, यासाठी त्या फॉर्मवर रकानाच नाही.

एसीसी म्हणजे अपघात भरपाईची सरकारी संस्था. १९६७ साली न्यायमूर्ती ओवेन वुडहाउस यांच्या आयोगानं अहवाल दिला की निष्काळजीपणा सिद्ध करून भरपाई मिळवणं ही जखमी माणसासाठी एक लॉटरी आहे. साक्षीदार मिळाला तर पैसे, नाही मिळाला तर घरी बसा. त्यातून १९७२ चा कायदा झाला आणि १ एप्रिल १९७४ पासून योजना सुरू झाली. आता २००१ चा कायदा लागू आहे. रस्त्यावर, घरात, मैदानात, कामावर, कुठेही अपघातानं इजा झाली की उपचाराची जबाबदारी एसीसीची. त्याच्या बदल्यात तुम्ही दुसऱ्यावर भरपाईचा दावा लावायचा नाही. कलम ३१७ नं ते दार बंद केलंय. अतिशय बेपर्वा वागणुकीला शिक्षा म्हणून जी वेगळी रक्कम मागता येते, तेवढीच एक फट उरलीय, आणि माझं प्रकरण त्या जातीचं नाही. मोफत कायदा सल्ला देणाऱ्या केंद्रातल्या बाईंनी मला हे दोन मिनिटांत सांगितलं. मी वीस मिनिटांची तयारी करून गेले होते.

पैसे येतात पगारातून कापल्या जाणाऱ्या लेव्हीतून, मालकांकडून, पेट्रोलवरच्या आणि गाडीच्या वार्षिक परवान्यावरच्या आकारातून. म्हणजे मी इथे नोकरीला लागल्यापासून माझ्याच या मनगटासाठी भरत आलेय. दादाला सगळ्यात धक्का बसला तो पुढच्या गोष्टीचा: इथे थर्ड पार्टी विमा सक्तीचा नाही. आपल्याकडे विम्याशिवाय गाडी रस्त्यावर आणणं गुन्हा आहे, आणि इथे नवीन आलेले आपले लोक हे ऐकून गाडी विकतच घ्यायला घाबरतात. पण माणसाला झालेल्या इजेचा भार एसीसी उचलते, त्यामुळे विम्याचा प्रश्न उरतो तो पत्र्याच्या नुकसानीपुरता.

मी बालवाडीत शिकवते. एका हातानं मुलं उचलता येत नाहीत, त्यामुळे सहा आठवडे घरी. इजा कामावर झालेली नाही, म्हणून पहिला आठवडा माझ्या आजारपणाच्या रजेतून गेला. त्यानंतर पगाराच्या ८० टक्के रक्कम दर आठवड्याला खात्यात येऊ लागली. घरकामाला मदतीसाठी एक बाई आठवड्यातून दोनदा येऊ लागल्या. कुठेही खेटे घालावे लागले नाहीत. हे सगळं मी दादाला सांगितलं आणि सांगताना मला बरं वाटत होतं, हेही खरं.

पण मनात एक गोष्ट सलत राहिली, आणि ती अजून गेलेली नाही.

माझ्या वेदनेला इथे काही मोल नाही. रात्री कूस बदलता येत नव्हती, केस विंचरायला रोज शेजारणीला बोलवावं लागत होतं, रस्ता ओलांडायचा म्हटलं की पाय थिजायचे. त्याची भरपाई शून्य. कायमचं अपंगत्व आलं आणि ते संपूर्ण शरीराच्या किमान १० टक्के ठरलं, तर एकरकमी पैसे मिळतात. माझं हाड जुळणार आहे, म्हणून काही नाही. आणि त्या गृहस्थांच्या मानेला ब्रेक मारताना हिसका बसला, त्यांची फिजिओथेरपीही त्याच एसीसीतून चाललीय. ज्यानं धडक दिली आणि जिला धडक बसली, दोघं एकाच रांगेत. हे कळलं त्या दिवशी मी खरोखर रडले. फुटपाथवरचं त्यांचं 'माझी चूक' मला एकदम स्वस्त वाटायला लागलं. म्हणायला काय जातं, मला त्यांच्याकडून एक डॉलरही मागता येणार नव्हता.

आपला मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्याच्या कलम १६६ खाली अपघात दावा न्यायाधिकरणात जाता येतं. तिथे वेदना आणि यातना हा भरपाईचा वेगळा भाग असतो. सरला वर्मा खटल्यात २००९ साली सर्वोच्च न्यायालयानं वयानुसार गुणक, म्हणजे भरपाई काढताना वर्षाच्या कमाईला ज्या आकड्यानं गुणायचं ते, ठरवून दिले, ३१ ते ३५ वयाला १६. ते अपंगत्वाच्या दाव्यांतही वापरले जातात. इथल्या सहकाऱ्यांना वाटतं आमच्याकडे अपघातग्रस्ताला कोणी वालीच नाही. मी त्यांना हे सगळं ठासून सांगते, आणि सांगायलाच हवं. काकांच्या पायाचा दावा सात वर्षं चालला. पण निकाल लागला तेव्हा त्यात स्पष्ट लिहिलं होतं की ट्रकचालकानं निष्काळजीपणे गाडी चालवली. काकूंनी तो कागद मला मोठ्यानं वाचायला लावला होता, दोनदा.

त्या सात वर्षांत काकांचं दुसरं ऑपरेशन पैशांअभावी तीनदा पुढे ढकललं गेलं, हे मी सहकाऱ्यांना सांगत नाही. दादालाही मी त्याची आठवण करून दिली नाही. तो तेव्हा दर तारखेला काकांना रिक्षातून कोर्टात घेऊन जायचा. त्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

इथला अन्याय दुसरीकडेच आहे. माझ्या सहकारिणीच्या नवऱ्याला पक्षाघात झाला. त्याचाही डावाच हात गेला, माझ्यापेक्षा कितीतरी वाईट. पण तो आजार, अपघात नव्हे. त्यामुळे त्याला ८० टक्के पगार नाही. सरकारी भत्ता आहे, तोही बायकोची कमाई बघून. तिच्यासमोर मी माझ्या वेदनेच्या भरपाईचं गाऱ्हाणं एकदा मांडलं. ती काही बोलली नाही. मला त्या दिवसाची अजून लाज वाटते.

इथे भेटीला येणाऱ्या आईबाबांबद्दल बरेच जण मेसेज करून विचारतात, म्हणून सांगते. पर्यटक म्हणून आलेल्यांनाही अपघाती इजेवर इथल्या उपचारांसाठी एसीसी आहे. पण छातीत दुखलं, शुगर वाढली, तर नाही. भारतात परतल्यावरच्या उपचारांचा खर्चही नाही. प्रवास विमा काढूनच पाठवा.

मागच्या आठवड्यात पोलिसांचा फोन आला. भरपाईचा दावा बंद असला तरी गुन्ह्याचा खटला बंद नाही. निष्काळजी वाहन चालवून इजा केल्याबद्दल त्या गृहस्थांवर आरोप ठेवलाय. कमाल शिक्षा तीन महिने कैद किंवा ४,५०० डॉलर दंड, आणि सहसा किमान सहा महिने लायसन्स रद्द. त्यांनी गुन्हा कबूल केलाय. फुटपाथवर म्हणाले तेच कोर्टातही म्हणाले. शिक्षा ठरवताना मानसिक त्रासासाठी मला काही रक्कम देण्याचा आदेश न्यायाधीश देऊ शकतात, आणि त्याआधी माझ्यावर काय परिणाम झाला ते मी लिहून द्यायचंय.

दोन रात्री लिहितेय. कूस, केस, रस्ता, सगळं आलंय. छत्रीचंही लिहिलंय, आधी खोडलं होतं, मग परत घातलं. दादा म्हणतो, "आकडा टाक." आकडा मी टाकलेला नाही. शुक्रवारी द्यायचंय.