मातीखालची जाळी

पावसात बागेचं मोजमाप घ्यायला जायचं नाही, असा माझा नियम होता. कागद भिजतो, टेप चिखलात लोळतो आणि डोकं फिरतं. म्हणून काकूंच्या परसाचा नकाशाही मी एका कोरड्या सकाळी काढला. घरापासून मागच्या भिंतीपर्यंत 5 मीटर, रुंदी 4 मीटर, तिन्ही बाजूंना उंच भिंती आणि मागच्या डाव्या कोपऱ्यात एक डेरेदार झाड. खाली शेवाळ, कुजका पाला, फुटक्या कुंड्या आणि तीन पायांची एक खुर्ची.

काकूंचं म्हणणं एकच होतं. "सावलीत काही जगत नाही. झाड पाडा आणि मला हिरवळ करून द्या."

झाडाला मी नाही म्हटलं, हिरवळीला मात्र मान डोलावली. खरं तर हिरवळीला रोज निदान चार तास ऊन लागतं आणि इथे दीड तास कवडसे पडले तरी पुष्कळ. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण काकू खूश होत्या आणि कागदावर तो हिरवा गोल फार देखणा दिसत होता.

काम सुरू करायच्या दिवशी सकाळपासून पावसाने झोड उठवली. गवंडी दारातच थांबले. "ताई, आज राहू दे." त्यांचं बरोबर होतं. ओली चिकणमाती तुडवली की तिच्यातल्या हवेच्या पोकळ्या मिटतात, आणि वाळल्यावर तिची वीट होते. पण आलोच होतो, म्हणून मागच्या दारात उभं राहून बघत बसलो. त्या तासाभरात जे दिसलं ते आधीच्या दोन फेऱ्यांत दिसलं नव्हतं.

छपराच्या मागच्या उताराचं सगळं पाणी एका पन्हळीतून थेट परसात कोसळत होतं. आमच्या धंद्यातला सगळ्यात सोपा हिशेब म्हणजे 1 मिलिमीटर पाऊस पडला की दर चौरस मीटरला 1 लिटर पाणी. छपराचा तो उतार साधारण 30 चौरस मीटर, परस 20. तासात 20 मिलिमीटर पाऊस धरला तरी छपराचे 600 आणि परसाचे 400, म्हणजे हजार लिटर. एवढं पाणी जात कुठे होतं? पाल्याची पानं तरंगत तरंगत आमच्याच दिशेला येत होती. पाणी घराकडे वाहत होतं.

मी काकूंना विचारलं, "आतल्या भिंतीला ओल आहे का?" त्या जरा गप्प झाल्या, मग म्हणाल्या, "म्हणून तर तिथे कपाट लावलंय."

पाऊस ओसरल्यावर निचरा बघायला खड्डा घ्यायचं ठरलं. एक हात खोल खड्डा खणायचा, पाणी भरून जिरू द्यायचं, पुन्हा भरायचं आणि तासाभरात पातळी किती उतरते ते मोजायचं. पण परसाच्या मधोमध पहार वीतभर गेली आणि ठण्ण वाजली. दगड असेल म्हणून दोन पावलं सरकलो. पुन्हा ठण्ण. तिसऱ्या जागी गवंड्यांनी पहार टाकून हातानेच चिखल उपसला. खाली गुळगुळीत काँक्रीट होतं.

मग आम्ही दोघंही इरेला पेटलो. जागोजागी पहार खुपसून कोब्याची खोली मोजली, आणि पारदर्शक नळीत पाणी भरून मातीची पातळी पाहिली. घराजवळ माती 15 सेंटिमीटर जाड, मागच्या उजव्या कोपऱ्यात 33. वरची माती मागे 8 सेंटिमीटर चढत होती, पण खालचा कोबा त्याच 5 मीटरांत 10 सेंटिमीटर उतरत होता. मीटरला 2 सेंटिमीटर, म्हणजे फरसबंदीला द्यायचा तोच उतार, आणि तोही घरापासून लांब.

गवंडी हसायलाच लागले. "ताई, हे कुणीतरी जाणून केलंय."

उजव्या कोपऱ्यात खणल्यावर लोखंडी जाळी लागली. पावसाचं पाणी बाहेर नेणाऱ्या नळीचं तोंड मुळ्यांनी आणि चिखलाने गच्च भरलं होतं. अर्धा तास हात घालून उपसलं, मग सळई सारली. आधी काहीच झालं नाही. मग एकदम घटघट आवाज आला आणि खड्ड्यातलं पाणी गर्रकन फिरून खाली गेलं. काकू छत्री घेऊन अनवाणीच बाहेर आल्या.

त्यांच्या आधीच्या कुणीतरी बाग करायच्या हौसेने चांगल्या फरसबंदीवर माती ओतली असावी. झाडाभोवती कोब्यात चौकोन मोकळा सोडलेला सापडला. तोही बुजलेला, बुंधा वीतभर मातीत गाडलेला. झाड मरगळलेलं का दिसतं याचं उत्तरही तिथेच होतं. मुळांना हवा मिळत नव्हती आणि साल कुजू लागली होती.

नकाशा मी तिथेच फाडला. पुढचे काही दिवस माती उपसण्यात गेले, त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. घमेली आणि पाठदुखी. पन्हळीचं पाणी नळीने जाळीपर्यंत नेलं. घराला लागून मीटरभर पट्टा उघडाच ठेवला. जमिनीतली ओल भिंतीत चढू न देणाऱ्या, जोत्यातल्या ओलरोधक थराच्या निदान 15 सेंटिमीटर खाली बाहेरची जमीन असावी लागते, आणि इथे माती थेट त्या थरापर्यंत चढली होती. मागच्या बाजूला कोबा फोडून पानखत मिसळलेले वाफे केले. चिकणमातीत वाळू घाला असा सल्ला काकूंना कुणीतरी दिला होता, तो ऐकला नाही. थोडी वाळू घातली तर माती आणखीच घट्ट बसते. नेचे लावले, सावलीत तगणारा रुंद पानांचा ॲस्पिडिस्ट्रा लावला, कवडसे पडतात तिथे सोनटक्का. भिंती पांढऱ्या करायचा मोहही आवरला. अशा हवेत त्या पुढच्या पावसाळ्यापर्यंत हिरव्या झाल्या असत्या. शेवाळ चालायच्या वाटेवरून खरवडलं, बाकी ठिकाणी राहू दिलं.

झाडाच्या फक्त खालच्या दोन फांद्या उतरवल्या. ते पाडायचा विषय काकूंनी पुन्हा काढला नाही, मीही नाही.

पुढच्या मोठ्या पावसात रात्री त्यांचा फोन आला. "ऐका," म्हणाल्या आणि फोन बहुधा जाळीशी धरला. मला घटघट ऐकू आली. कपाट मात्र अजून तिथेच आहे, फक्त भिंतीपासून हातभर पुढे ओढलेलं. भिंत वाळायला अजून काही महिने लागतील.