आधी परवाना, मग छरे, मग बंदूक

आयोवा राज्यातील सीडर फॉल्स येथे नोकरीनिमित्त येऊन मला दोन वर्षे झाली होती, तेव्हा कार्यालयातील एका ज्येष्ठ सहकाऱ्याने ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी, म्हणजे फेझंट या पक्ष्याच्या शिकारीचा हंगाम सुरू होतो त्या दिवशी, आपल्याबरोबर रानात येण्याचे आमंत्रण दिले. मी नुसता बघायला गेलो, दिवसभर कमरेइतक्या गवतातून चाललो आणि पुढच्या वर्षी स्वतःची बंदूक घेऊन यायचे, असे ठरवूनच परतलो. कुडाळजवळच्या आमच्या घरी आजोबांची शेतसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक होती. निवडणूक जाहीर झाली की ती पोलीस ठाण्यात जमा करायची आणि निकालानंतर सोडवून आणायची, एवढाच काय तो माझा बंदुकीशी संबंध. अमेरिकेत मात्र मंडईतून भाजी आणावी तशी बंदूक आणता येते, अशी माझी ठाम समजूत होती. एच-वन-बी व्हिसावर असलेल्या माणसाला ती लागू पडत नाही, हे मला दुकानाच्या गल्ल्यापाशी उभे असताना कळले.

या व्हिसावरील परदेशी नागरिकाने बंदूक किंवा काडतूस विकत घेणे तर राहोच, नुसते बाळगणेसुद्धा अमेरिकेच्या संघीय कायद्याने गुन्हा ठरते. या बंदीला जे मोजके अपवाद आहेत, त्यांपैकी माझ्यासारख्याच्या आवाक्यातला अपवाद एकच : अमेरिकेतील एखाद्या राज्याने दिलेला आणि मुदतीत असलेला शिकारीचा परवाना. म्हणजे आधी बंदूक घेऊन, सराव करून, मग परवाना काढावा हा माझा क्रम उलटा होता. सहकाऱ्याने मैदानावर ‘घे, एक बार काढून बघ’ म्हणून हातात बंदूक दिली असती, तरी परवान्याशिवाय ती घेणे मला महागात पडू शकले असते. ही गोष्ट आपल्या मंडळींपैकी फारच थोड्यांना ठाऊक असते, म्हणून ती इथे मुद्दाम विस्ताराने लिहीत आहे.

परवान्यासाठी आयोवात आणखी एक अट आहे. १ जानेवारी १९७२ नंतर जन्मलेल्या प्रत्येकाला शिकारी-प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र लागते. (ज्या वर्षी आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा झाला, नेमके तेच वर्ष इकडे शिकाऱ्यांच्या प्रमाणपत्राची सीमारेषा ठरावे, याची मला गंमत वाटली.) प्रौढांना हा अभ्यासक्रम घरबसल्या संगणकावर पूर्ण करता येतो, पण मी एप्रिलमध्ये प्रत्यक्ष वर्गाला बसलो आणि बारा-तेरा वर्षांच्या मुलामुलींमध्ये एकटाच चाळिशीचा विद्यार्थी ठरलो. कुंपण ओलांडताना बंदूक आधी रिकामी करून पलीकडे कशी ठेवायची, ओळीने चालताना प्रत्येकाने आपल्यापुरता कोणता कोन राखायचा, खालून उडणाऱ्या पक्ष्यावर बार का टाकायचा नाही (मागे कुत्रा असतो, माणूस असतो), हे सारे त्या मुलांना शेतावर वाढल्यामुळे अंगवळणी पडलेले होते. मला ते पाठ करावे लागले.

प्रमाणपत्र, परवाना आणि त्याबरोबरचे वन्यजीवांच्या अधिवासासाठीचे शुल्क एवढे सोपस्कार झाल्यावर एक तारीख मी भिंतीवरच्या दिनदर्शिकेत लाल शाईने लिहून ठेवली. आयोवाचा वार्षिक परवाना १० जानेवारीला संपतो, फेझंटचा हंगामही त्याच दिवशी संपतो. इतर शिकाऱ्यांना पुढचा परवाना ऑक्टोबरात काढला तरी चालते. मला मात्र बंदूक घरात असेपर्यंत एक दिवसही परवान्याविना राहून चालणार नव्हते. नवा परवाना १५ डिसेंबरपासून मिळतो आणि मी तो त्याच आठवड्यात काढतो.

आता बंदुकीकडे वळतो. मे महिन्यापासून मी सहकाऱ्याची बारा गेजची अर्धस्वयंचलित बंदूक घेऊन मातीच्या उडत्या तबकड्यांवर सराव करू लागलो. गेज म्हणजे काय, हे तिथल्या एका वयोवृद्ध प्रशिक्षकांनी मला समजावले : नळीच्या व्यासाच्या शिशाच्या गोळ्या केल्या, तर एका पौंडात जितक्या बसतील तितका त्या नळीचा गेज. म्हणून बाराची नळी साडेअठरा मिलिमीटरची, आणि वीसची आकडा मोठा असूनही अरुंद, सुमारे साडेपंधरा मिलिमीटरची. वीसची काडतुसे पिवळ्या रंगाची का असतात, तेही त्यांनीच सांगितले. वीसचे काडतूस चुकून बाराच्या बंदुकीत गेले, तर ते पुढे घसरून नळीत अडकते, आणि मागून बाराचे काडतूस भरून बार काढला की नळी फुटते. त्या दिवसापासून मी एका पिशवीत दोन प्रकारची काडतुसे कधी ठेवलेली नाहीत.

पहिल्या पंचवीस तबकड्यांपैकी माझ्या चार फुटल्या. खांदा काळानिळा झाला. दोष मी बंदुकीच्या धक्क्याला देत होतो; पण प्रशिक्षकांनी मला दोन्ही हातांच्या पंजांचा त्रिकोण करून त्यातून दूरचा खांब पाहायला लावला, मग एकेक डोळा मिटायला सांगितला, आणि निष्कर्ष काढला की मी उजव्या हाताचा असलो तरी माझा प्रबळ डोळा डावा आहे. त्यामुळे माझा प्रत्येक बार लक्ष्याच्या डावीकडे जात होता. चष्म्याच्या डाव्या काचेवर चिकटपट्टीचा एवढासा तुकडा लावला, आणि पुढच्या फेरीत अकरा फुटल्या. दुसरा दोष दस्त्याचा होता. माझी उंची पाच फूट पाच इंच. दुकानात टांगलेल्या बंदुकांचे दस्ते माझ्याहून अर्धा फूट उंच माणसाच्या मापाचे. चापापासून दस्त्याच्या टोकापर्यंतचे अंतर साडेचौदा इंच असले, की उचलताना ते टोक माझ्या काखेत अडकायचे, आणि ऑक्टोबरातले जाड जाकीट अंगावर चढल्यावर तर उचलणे मुश्किलच. बारा गेज की वीस गेज यावर शिकारी तासन्‌तास वाद घालतात. माझ्या मते त्यातला अर्धा वेळ दस्त्याच्या मापाला द्यायला हवा.

तरीही मन एका बंदुकीवर जडलेच. एका दुकानात अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता असलेली जुनी पंप बंदूक (प्रत्येक वेळी नळीखालची मूठ हाताने मागे-पुढे ओढून काडतूस बदलायची ती) होती, वजनाला हलकी, किमतीला माफक. मी पैसे मोजणारच होतो. सहकाऱ्याने विचारले, ‘शिकार कुठल्या जमिनीवर करणार?’ माझी शेती नाही, शेतकऱ्यांच्या ओळखीही नाहीत. मला सार्वजनिक जमिनीवरच जावे लागणार होते. आमच्या बाजूच्या काही सार्वजनिक क्षेत्रांत, विशेषतः पाणथळींच्या आसपास, शिशाचे छरे चालत नाहीत, कारण सांडलेले शिसे पाणपक्षी खड्यांबरोबर गिळतात आणि विषबाधेने मरतात. बदकांच्या शिकारीत तर शिसे १९९१ पासून देशभर बंद आहे. म्हणजे मला पोलादी छरे वापरणे भाग होते, आणि त्या जुन्या बंदुकीच्या नळीचे तोंड कायमचे अरुंद, ‘फुल’ चोकचे होते (चोक म्हणजे छऱ्यांचा फैलाव आवरण्यासाठी नळीच्या तोंडाशी ठेवलेला अरुंदपणा). शिसे मऊ असते, दाबले जाते. पोलाद दबत नाही. मोठे पोलादी छरे अशा नळीतून काढणे म्हणजे नळीची नासाडी. जमिनीने छरे ठरवले आणि छऱ्यांनी बंदूक. मी हा हिशेब उलट्या टोकाकडून करत होतो.

अखेरीस मी बाराच्याच गेजची, चोक बदलता येणारी, आखूड दस्ता बसवलेली नवी पंप बंदूक घेतली. शिसे सगळीकडे चालत असते, तर मी डोळे मिटून वीस गेज निवडला असता, कारण दिवसभर हातात वागवायला तो हलका पडतो. पण पोलाद शिशाहून हलके असल्यामुळे लांबवर जोर टिकवायला छरा दोन आकड्यांनी मोठा घ्यावा लागतो. शिशाचा पाच नंबर पुरत असेल, तर पोलादाचा तीन किंवा दोन (नंबर जितका लहान, तितका छरा मोठा). मोठे छरे पुरेशा संख्येने भरायचे, तर काडतुसात जागा हवी, आणि ती बारामध्ये अधिक असते. दुकानात बंदूकखरेदीचा ४४७३ क्रमांकाचा अर्ज भरताना व्हिसाच्या प्रश्नाखाली अपवादाचा पुरावा म्हणून शिकारीचा परवाना दाखवला. पार्श्वभूमीच्या तपासणीत ‘विलंब’ असे उत्तर आले, आणि बंदूक चार दिवसांनी हातात पडली.

सप्टेंबरात मी तीस यार्डांवर मोठा कागद लावून, त्यावर तीस इंचांचे वर्तुळ आखून छऱ्यांचा फैलाव मोजला. हे काम कंटाळवाणे आहे आणि बहुतेक जण ते टाळतात. सव्वा औंसाहून किंचित कमी, म्हणजे एक अष्टमांश अधिक एक औंस वजनाच्या दोन नंबरच्या काडतुसात सुमारे १४० छरे असतात. ‘मॉडिफाइड’ म्हणजे मध्यम अरुंद चोकने त्यांतले १२५ वर्तुळात पडले, पण मधोमध दाटीवाटीने. त्याहून मोकळ्या ‘इम्प्रूव्हड सिलिंडर’ने १०८, मात्र सारख्या अंतराने पसरलेले. पक्षी कुत्र्याच्या नाकासमोरून उठतो, तेव्हा तो लांब नसतो. मी दुसरा चोक कायम ठेवला.

फेझंट मूळचा चीनकडचा पक्षी. आयोवात तो पसरला तो १९००-०१ च्या सुमारास आमच्याच सीडर फॉल्सजवळ वादळाने एका पक्षिपालकाचे पिंजरे मोडले आणि सुमारे दोन हजार पक्षी सुटले तेव्हापासून. त्यांना कोणी अर्ज भरायला लावला नाही. शिकार फक्त नराची, दिवसाला तीन, सकाळी आठ ते दुपारी साडेचार. नराच्या गळ्यात पांढरा कंठा असतो आणि तो ओरडत उठतो. मादी मातकट, बहुधा मुकाट. उगवत्या सूर्याच्या बाजूला पक्षी उठला, की हा सगळा फरक क्षणात पुसला जातो, आणि अशा वेळी बार न टाकणे हेच बरोबर असते.

पहिल्या दिवशी पहिला बार चुकला, आणि घाईत पंप पुरता मागे न ओढल्यामुळे रिकामे काडतूस अडकून बसले. नर मक्याच्या उभ्या पिकात निघून गेला. मक्याची कापणी होईपर्यंत तो तिथेच राहतो आणि माणसाला हात चोळत परतावे लागते. नोव्हेंबरच्या मध्यावर, शेते मोकळी झाल्यावर, एका ओढ्याच्या काठच्या गवतातून सहकाऱ्याच्या लॅब्रेडॉर कुत्रीने एक नर उठवला. तो वीसेक यार्डांवर उजवीकडे वळला, मी या वेळी पक्ष्याच्या पुढे नेम धरला, आणि तो पडला. कुत्रीने तो माझ्याऐवजी तिच्या धन्याच्या पायाशी नेऊन ठेवला.

घरी पोहोचेपर्यंत नर ओळखू यावा म्हणून त्याचा एक पाय मी तसाच राखला होता. घरी कातडी सोलली. तंगड्यांतल्या शिरा काड्यांसारख्या ताठ असतात, त्यामुळे तंगड्या वेगळ्या काढून मंद आचेवर शिजवल्या आणि मालवणी वाटप लावले. पोलादी छऱ्यांचा एक फायदा माझ्या बायकोने शोधून काढला : शिशाला चुंबक लागत नाही, पोलादाला लागते. तिने फ्रिजवरचे लोहचुंबक पिशवीत गुंडाळून मांसावरून फिरवले. तीन छरे त्याला चिकटले. चौथा मला दुसऱ्याच घासाला दाताखाली सापडला.