वूफर तोच, जागा बदलली

"बास येत नाही म्हणजे वूफर लहान पडतोय." गाडीत स्पीकर बसवणाऱ्या एकाच दुकानात तीन रविवार मी हे ऐकलं. अजून आठवलं की डोकं तापतं.

गाडी एर्टिगा. तिसरी रांग दुमडून दहा इंची वूफरचा, म्हणजे खालचे जाड सूर वाजवणाऱ्या स्पीकरचा, बंद बॉक्स बसवला, मधल्या सीटच्या पाठीला टेकवून, तोंड पुढे. घरी येताना अभंग लावला तर पखवाजाच्या डाव्या, कणीक लावलेल्या बाजूचा घुमार गायब. डिकी उघडून मागे उभा राहिलो की तोच घुमार भरपूर! दार लावून स्टिअरिंगवर बसलो की पुन्हा पोकळ.

पहिल्या रविवारी दुकानदाराने गेन, म्हणजे वूफरचा जोर, वाढवला. नंबर प्लेट थरथरू लागली, घुमार काही आला नाही. दुसऱ्या रविवारी दीड तास स्टुलावर बसवून बारा इंची वूफर आणि मोठ्या अँपचा (अँप्लिफायरचा) हिशोब हातात दिला. तिसऱ्या वेळी मी म्हटलं, "बॉक्स नुसता मागे सरकवून बघू या ना." उत्तर आलं, "वायर तेवढीच आहे साहेब, आणि आम्ही सगळ्यांना तिथेच बसवतो." सगळ्यांना! गाडी कुठली, डिकी केवढी, कोणी टेप लावून बघितलंच नव्हतं.

घरी मी लावला. वूफरपासून मागच्या दारापर्यंत 110 सेंटीमीटर. आवाज सेकंदाला साधारण 345 मीटर जातो, म्हणजे 78 हर्ट्झची एक लाट सुमारे 4.4 मीटर लांब. दारावर आपटून परतणारी लाट 2.2 मीटर जादा चालते, बरोबर अर्धी लाट मागे पडते आणि सरळ पुढे येणारीला खाते. गेन वाढवला की दोन्ही लाटा सारख्याच वाढतात, आवाजातला तो खड्डा तिथेच राहतो. मोठ्या अँपनेही तेच झालं असतं.

अँपचा फ्यूज काढून दोन मीटर जादा वायर जोडली. बॉक्स दाराजवळ नेला, तोंड दाराकडे, मध्ये 15 सेंटीमीटर जागा. आता तो खड्डा 500 हर्ट्झच्याही वर जातो, आणि माझा वूफर 80 च्या वर जवळजवळ वाजतच नाही.

बॉक्स स्क्रूने पक्का करू देण्याआधीच हे तपासा. काचा बंद, स्वतः चालकाच्या जागेवर, आणि मोबाईलवर 30 ते 100 हर्ट्झचा चढता सूर. आवाज कुठे दबतो ते कानाला कळतं. फेजची कळ (वूफरची लाट उलटी करणारी) 0 आणि 180, दोन्हीकडे करून बघा. माझ्याकडे 180 वर भरीव झालं. आणि सांगायचं राहिलं, बॉक्स पट्ट्याने घट्ट बांधा, जोरात ब्रेक लागला तर तो थेट मधल्या सीटवर येतो.

बाबा दिंडीत पखवाज वाजवायचे. त्यांना मधल्या सीटवर बसवून तोच अभंग लावला. थोडा वेळ डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "हां, आता डावा हात लागतोय बघ."