मावशींच्या डब्याचं झाकण

सप्टेंबरातला मंगळवार. आमच्या ओपीडीत मंगळवार मधुमेहाचा, त्यामुळे दहा वाजायच्या आतच माझ्या टेबलासमोरचे बाक भरलेले. मध्य मुंबईतल्या एका सार्वजनिक रुग्णालयात मी चौदा वर्षं आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. एका माणसाला दहा मिनिटं द्यायची म्हटली तरी गर्दी बघून ती पाचावर येतात.

केसपेपर हातात घेतला आणि आधी आकडेच दिसले. वजन सहा महिन्यांत ६१ किलोवरून ५२. हिमोग्लोबिन ८.६, बाईला निदान १२ हवं. गेल्या आठवड्यात बाजारात घाम फुटून, हातपाय थरथरून पडल्या, तेव्हा रक्तातली साखर ५४. मधुमेहाच्या रुग्णाची साखर ७० च्या खाली जाणं म्हणजे धोक्याची घंटा.

समोर बसल्या होत्या वरळीच्या कोळीवाड्यातल्या मावशी. वय बावन्न. मासळी विकतात. बोटांवर काट्यांच्या जुन्या जखमांचे पांढरे वण, नाकात मोठी नथनी, पायाशी पिशवी. ब्लाऊज खांद्यावरून ओघळत होता, कारण तो नऊ किलो आधी शिवलेला होता.

मी नेहमीचा प्रश्न विचारला. काल उठल्यापासून झोपेपर्यंत काय काय पोटात गेलं?

"काय जानार? ओट. पान्यात शिजवायचं. सकाळी वाटीभर, रातीला वाटीभर."

"आणि दुपारी?"

"काकडी."

"मासळी?"

मावशींनी माझ्याकडे असं पाहिलं की मी नको ते विचारलं असावं. "मासली तुमीच बंद केली ना, बाय."

त्यांनी पिशवीतून प्लॅस्टिकमध्ये घालून ठेवलेला कागद काढला. आमचाच छापील आहारतक्ता. शिमग्याच्या सुमारास दिलेला. समासात निळ्या शाईत माझं अक्षर: भात बंद. सुकी मासळी बंद. तळलेलं बंद. मावशींना वाचता येत नाही. नववीतल्या नातीनं वाचून दाखवताना प्रत्येक 'बंद'खाली लाल रेघ मारली होती. चालेल त्या पदार्थांच्या यादीत ओट्स, ब्रोकोली, सफरचंद, साय काढलेलं दूध, ग्रीन टी, काकडी. यातलं परवडण्यासारखं आणि कोपऱ्यावरच्या दुकानात मिळणारं काय, तर ओट्सचं छोटं पाकीट आणि काकडी. तेवढंच त्यांनी सहा महिने नेमानं पाळलं. घरच्यांसाठी मांदेली तळून वाढायच्या आणि स्वतः पाण्यातले ओट्स घेऊन बाजूला बसायच्या.

मला त्या दिवशी खुर्चीवर नीट बसवेना. मार्चमध्ये त्यांचा रक्तदाब जास्त होता, म्हणून मीठ कमी व्हावं या हेतूनं मी सुकी मासळी खोडली होती. पण १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. त्या दोन महिन्यांत कोळ्याच्या घरात ताटात काय असतं? उन्हाळ्यात वाळवून ठेवलेले बोंबील, जवळा, सुकट. म्हणजे ओली मासळी मिळणं कठीण, आणि सुकी मी काढून घेतलेली. प्रथिनं यायची कुठून? अंगावरचं मांस झडणारच होतं.

साखर का घसरली, तेही लगेच कळलं. मावशी पहाटे साडेतीनला घर सोडतात, भाऊच्या धक्क्यावर लिलावाला. "गोली जेवनाआधी घ्यायची" असं सांगितलेलं, म्हणून निघताना बिनदुधाच्या चहाबरोबर मधुमेहाची ग्लिमेपिराइड गोळी घ्यायच्या, आणि पहिला घास अकराला. ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, पोटात अन्न असो वा नसो. पुरेसं खाणं असताना तो डोस ठीक होता. ओट्स-काकडीवर तोच डोस त्यांना बर्फाच्या लादीवर आडवं पाडत होता.

मी रांग थांबवली. बाहेर कुरकुर झाली, पण मी मावशींना घेऊन थेट डॉक्टरांच्या खोलीत गेले. त्यांनी गोळीचा डोस अर्ध्यावर आणला आणि तो न्याहारीबरोबरच घ्यायचा असं स्वतः समजावलं. मधुमेहाचं दुसरं औषध, मेटफॉर्मिन, नऊ वर्षं चालू होतं आणि तळपायाला मुंग्या येत होत्या, म्हणून मी बी-१२ हे जीवनसत्त्व तपासूया का, असं विचारलं. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतल्यावर ते कमी होऊ शकतं. त्यांनी तेही लिहिलं आणि शौचातून रक्त जातंय का याचीही तपासणी सांगितली. पन्नाशीनंतर रक्त एवढं कमी झालं तर सगळं खाण्यावर ढकलून चालत नाही.

परत टेबलाशी आलो. मी म्हटलं, मावशी, आता तुम्ही सांगा, घरात काय शिजतं?

त्या बोलायला लागल्या आणि चेहराच बदलला. तांदळाची भाकरी. बांगड्याचं आंबट. जवळा घातलेलं वांगं. पोरांना पापलेट नाही परवडत, ते विकायचं. घरी तारली, मांदेली, उरलेलं. मी ऐकत होते आणि मनात जमाखर्च मांडत होते. बांगडा-तारलीत प्रथिनं आहेत, हृदयाला चांगली असणारी चरबी आहे. मांदेली काट्यासकट खाल्ली तर कॅल्शियम. उणीव एकच होती, भाताचा ढीग मोठा आणि भाजी नावाला.

कागद पुन्हा लिहून दिला असता तर पुन्हा नातीच्या लाल पेनाच्या हवाली झाला असता. त्यांच्या पिशवीत स्टीलचा रिकामा डबा होता. मी झाकण मागितलं, कोऱ्या कागदावर उपडं ठेवलं आणि पेनानं कडेकडेनं गोल काढला. कागदाला सुकटीचा वास लागला. गोलाच्या मधोमध रेघ.

"हा अर्धा भाजीचा. लाल माठ, चवळीचा पाला, दुधी, शेवग्याच्या शेंगा, बाजारात स्वस्त असेल ते."

"अर्धा?" मावशी दचकल्या. "मंग कालवन कुठं?"

उरलेल्या अर्ध्याचे मी दोन भाग केले. एकात मासळी, एकात भाकरी किंवा भात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांबरोबर दिवसभराच्या ताटाचं चित्र दिलं आहे, त्यातही अर्धी जागा भाज्या-फळांचीच आहे. ते चित्र माझ्या मागच्या भिंतीवर लावलेलं होतं. मावशींनी त्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. स्वतःच्या झाकणाच्या गोलावर मात्र त्या बोट फिरवत राहिल्या.

सुक्या मासळीचंही बोललो. बिनमिठाचे उन्हात वाळवलेले बोंबील आणि जवळा चालतील, कोमट पाण्यात दोनदा धुऊन. मिठात मुरवलेली खारी मासळी नको. दिवसाचं सगळं मीठ मिळून ५ ग्रॅम, म्हणजे एक छोटा चमचा सपाट. धक्क्यावर जाताना रात्रीच्या भाकरीची चतकोर आणि उकडलेलं अंडं बांधून न्यायचं, गोळी त्याच्याबरोबर. जेवल्याबरोबर चहा नको, तो लोह अडवतो; तासभर जाऊ द्यायचा. कंबरेच्या बटव्यात ग्लुकोजची पुडी.

"म्हंजे मी बांगडा खाऊ?" त्यांनी तीनदा विचारलं. तिसऱ्या वेळी डोळे भरले होते. माझेही.

साडेतीन आठवड्यांनी त्या आल्या. बी-१२ खरंच कमी निघालं होतं, इंजेक्शनं सुरू झाली होती. शौचाची तपासणी स्वच्छ होती, लोहाच्या गोळ्या चालू होत्या. वजन ५३.५. हिमोग्लोबिन चढायला वेळ लागतो, ते ९.४ वर होतं. साखर ७० च्या खाली एकदाही नाही. मावशींनी डबा उघडून दाखवला. अर्ध्यात लाल माठ, कडेला बांगड्याचा तुकडा, आणि भात ठरल्यापेक्षा थोडा जास्त. मी काही बोलले नाही.

जुन्या तक्त्यांचा गठ्ठा अजून माझ्या खणात आहे, दोनेकशे तरी असतील. त्यांची मागची बाजू कोरी आहे. आता समोर कुणी बसलं की मी आधी डबा मागते आणि त्या कोऱ्या बाजूवर झाकण ठेवून गोल काढते.