राजपूरची चढण आणि मसुरीची जुनी हॉटेले

मसुरीची जुनी हॉटेले पाहण्यासाठी डेहराडूनजवळच्या, डोंगराच्या पायथ्याच्या राजपूरहून पायी चढणार असाल, तर ‘दोन तासांत वर पोहोचाल’ यावर मुळीच विश्वास ठेवू नका. डेहराडूनमध्ये मी उतरलो होतो, तेथील व्यवस्थापकाने मला हेच ठामपणे सांगितले आणि मी एकच बाटली पाणी घेऊन मे महिन्यात सकाळी नऊ वाजता निघालो. राजपूरच्या शहेनशाही आश्रमापासून मसुरीच्या वाटेवरील झडीपानीपर्यंतचा टप्पा दक्षिणेकडे तोंड करून असलेल्या उतारावर आहे, सावली तुटक आहे, आणि फरसबंदी जिथे उखडली आहे तिथे सैल दगडांवरून प्रत्येक पाऊल जपून टाकावे लागते. मी रोज चालणारा माणूस आहे, तरी झडीपानीलाच मला तीन तास लागले आणि पाणी निम्म्या वाटेत संपले. सहा वाजता निघा आणि माणशी दोन लिटर पाणी घ्या.

झडीपानीला रेल्वे कंपनीने 1888 मध्ये काढलेले ओक ग्रोव्ह विद्यालय आहे. ते मी थकव्यामुळे नीट पाहिलेच नाही. तेथून मसुरीच्या लायब्ररी चौकापर्यंत एका गाडीवाल्याने माझी अवस्था पाहून 900 रुपये मागितले आणि मी ते दिले. ही उघड लूट होती. भाडे आधी ठरवा, नाही पटले तर सावलीत बसून दुसरी गाडी येईपर्यंत थांबा.

तरीही ही वाट चढूनच जावे, असे माझे मत आहे. मसुरीची मोठी हॉटेले याच चढणीच्या जोरावर उभी राहिली. डेहराडूनपर्यंत आगगाडी 1900 मध्ये आली आणि सॅव्हॉय हॉटेल 1902 मध्ये उघडले. त्याचे बिलियर्डचे टेबल आणि पियानो बैलगाड्यांतून व हमालांच्या खांद्यांवरून वर नेल्याचे सांगितले जाते. गाडीतून दीड तासात वर गेलेल्या माणसाला हे वाक्य किरकोळ वाटेल. घसा कोरडा पडलेला असताना मला ते अंगावर आले.

सॅव्हॉयबद्दल वाटाडे 1911 मधील विषप्रयोगाची आणि भुताची गोष्टच रंगवून सांगतात. त्याहून मोलाचे आहे ते 1920 साल. त्या वर्षी ब्रिटिश आणि अफगाण प्रतिनिधींच्या वाटाघाटी मसुरीत चालू होत्या. आजारी आई आणि पत्नी यांच्यासह आलेले जवाहरलाल नेहरू अफगाण शिष्टमंडळ होते त्याच हॉटेलात, म्हणजे सॅव्हॉयमध्ये, उतरले होते. शिष्टमंडळाशी संपर्क ठेवणार नाही, अशी हमी सरकारने मागितली, ती त्यांनी नाकारली, आणि त्यांना मसुरी सोडण्याचा हुकूम मिळाला. त्या दारापर्यंत पोहोचल्यावर माझा सारा शीण उतरला.

हॅपी व्हॅलीतील शार्लव्हिल हॉटेलाच्या जागी 1959 पासून प्रशासकीय अधिकाऱ्यांची अकादमी आहे. परवानगीशिवाय फाटकाच्या आत सोडत नाहीत, तेव्हा केवळ हॉटेल पाहण्यासाठी तिकडे जाऊ नका. मॉल रोडवरचा सपाट फेरफटका कोणालाही जमेल. परतताना मात्र पायवाटेच्या नादी न लागता लायब्ररीच्या थांब्यावरून डेहराडूनची बस धरा. सैल दगडांवरून उतरणे चढण्यापेक्षा वाईट आहे.