हिरवळीला कान

परवा दुपारी ग्रँट रोडचं काम दहा मिनिटांत उरकलं. अशा वेळी शहाण्या माणसानं घरी जाऊन झोपावं. मी बेस्टची बस पकडली आणि मलबार हिलवरच्या हँगिंग गार्डनला उतरलो.

फिरोजशहा मेहता उद्यान हे नाव फक्त पाटीपुरतं. झुडपं कातरून केलेली जनावरं अजून आहेत. त्यातला एक हत्ती की बैल, यावरून आई आणि मावशीची दर खेपेला जुंपायची. माळ्यानं इतक्या वर्षांत निकाल लावलेला नाही.

आम्ही गिरगावातले. रविवारी आजोबा आम्हा भावंडांना इथे आणायचे. आमचा जीव समोरच्या कमला नेहरू पार्कातल्या म्हातारीच्या बुटात, पण आजोबा आधी हिरवळीवर उभं करून परीक्षा घ्यायचे.

"पायाखाली काय आहे रे?"

"पाणी!"

खरंच आहे. १८८१ सालची ही बाग म्हणजे टाकीवरचं झाकण. खाली जवळपास १५ कोटी लिटर पाणी. पश्चिमेच्या कठड्यावरून समुद्रही दिसतो, पण आमच्या चाळीत समुद्राचं कौतुक कुणाला? ते पाणी कळशीत येत नाही.

"आपल्या नळाला येतं ते हेच," आजोबा म्हणायचे, "तेव्हा इथे थुंकायचं नाही. उद्या चहात येईल."

धाकट्यानं नेमकी त्याच दिवशी खारे शेंगदाणे खाता खाता सालं थुंकली होती. दुसऱ्या दिवशी पहाटे नळ आला, पिंप भरलं, चहा झाला आणि हा पठ्ठ्या कपाकडे बघेना. आईनं कपाळाला हात लावून ताप पाहिला. कारण मला ठाऊक होतं. मीही कप जरा वास घेऊनच तोंडाला लावला.

शेजारच्या दोखम्यावरची, म्हणजे पारशी मृतदेह ठेवतात तिथली, गिधाडं पाण्यात काही टाकतील, म्हणून वर बाग केली असं सांगतात. गिधाडं आता नाहीत. गुरांना तेव्हा डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक टोचायचे, ती मेलेली गुरं खाऊन गिधाडं देशभर मेली. झाकण तेवढं राहिलं.

लहानपणी मी इथे हिरवळीला कान लावायचो. परवा आजूबाजूला पाहिलं, रखवालदार लांब होता. बुटाची नाडी बांधायच्या मिषानं वाकलो, मग गुडघे टेकले आणि शेवटी लाज सोडून कान लावला. गवत कोमट होतं. एक मुंगी कानात शिरायच्या बेतात.

"बरं वाटत नाहीये का?" बाकावरचे एक आजोबा उठून आले.

"नाही हो. खालचं पाणी ऐकतोय."

त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं.

"आलं का?"