लाल दिवा, तुळजापूरचा घाट आणि अप्पांचा डबा

"काका, लाल दिवा लागतोय. वळणावर लागतो, गाडी सरळ झाली की जातो."

मे महिन्यातला मंगळवार, सकाळचे साडेनऊ. सोलापुरात तेवढ्यालाच पत्रा तापायला लागलेला असतो. गॅरेजात एका पिकअपचा क्लच उतरवून ठेवला होता आणि हात ग्रीसने माखलेले, म्हणून गॅरेजातल्या पोऱ्याने फोन माझ्या कानाला धरला. पलीकडे एका जुन्या गिऱ्हाइकाचा पोरगा, तुळजापूरच्या घाटातून. म्हटलं, "आधी इंजिन बंद कर, मग बोल."

तो दिवा ऑइलच्या पातळीचा नाही, दाबाचा. इथेच निम्मे लोक फसतात. इंजिनाच्या तळाच्या चेंबरमधलं ऑइल फार खाली गेलं की वळणावर ते एका बाजूला पळतं, पंपाची जाळी उघडी पडते आणि पंप ऑइलऐवजी हवा ओढतो. दिवा 'ऑइल घाला' म्हणत नसतो, 'बेअरिंग कोरडं चाललंय' म्हणत असतो.

दहा मिनिटं थांब, सपाट जागा बघ, डिपस्टिक ओढ, पूस, परत घालून परत ओढ, असं सांगितलं. पलीकडे जरा शांतता. मग, "काका, डिपस्टिक म्हणजे ती पिवळ्या कडीची का?"

तीन वर्षांची टर्बो पेट्रोल गाडी. तीन वर्षांत ती कडी एकदाही ओढलेली नाही. ऑइल मोजायची ती काडी टोकापर्यंत कोरडी निघाली.

नशीब असं की मागून त्याचे वडील, अप्पा, येत होते, त्यांच्या १९९७ च्या मारुती ८०० मधून. अप्पांना एसीच्या गाडीत गुदमरतं, म्हणून देवीला जातानासुद्धा आपली गाडी वेगळी. ती गाडी गेली कित्येक वर्षं कामाला माझ्याकडेच येते. रोज सकाळी चालू करताना निळ्या धुराचा एक झोत सोडते आणि नंतर गप होते. व्हॉल्व्हची सील कडक झालीयेत. रात्रभर ऑइल थेंब थेंब खाली झिरपतं आणि सकाळी पहिल्या दणक्याला जळून जातं. सील बदलू म्हटलं की अप्पांचं ठरलेलं उत्तर, "तिचं वय झालंय मिस्त्री, माझंबी झालंय." म्हणून डिकीत कायम ऑइलचा डबा.

फोन अप्पांनी घेतला. "एक लिटर हाय माझ्याकडं. २०डब्ल्यू-४०. ओतू का ह्याच्यात?"

अप्पांचं ऑइल जाड. नव्या गाडीच्या इंजिनाला ०डब्ल्यू-२० लागतं, पाण्यासारखं पातळ. ऑइलच्या बारीक वाटा, त्यावर व्हॉल्व्ह टायमिंगची यंत्रणा. जाड ऑइल तिथे कायमचं चालत नाही. पण ऑइलच नसण्यापेक्षा जाड ऑइल केव्हाही बरं. म्हटलं, "ओता. आरपीएमचा काटा अडीच हजाराच्या वर जाऊ देऊ नका आणि हळूहळू माघारी आणा."

माघारी कसले येतात! दर्शन केल्याशिवाय घरची मंडळी हलेनात. नवी गाडी सावलीला लावली आणि ८०० ने दोन खेपा करून सगळ्यांना देवळापर्यंत पोचवलं.

दुपारी तीनला गाडी गॅरेजात. गरम ऑइल मापात सोडलं तर भरलं २.६ लिटर. पुस्तकात ३.६. त्यात एक लिटर अप्पांचं, म्हणजे घाटात चेंबरमध्ये होतं जेमतेम १.६. आधीची सर्व्हिस होऊन ८,००० किलोमीटर झालेले. दर हजाराला पाव लिटर.

पोरगं चिडलं. "सर्व्हिस १०,००० ला सांगितली होती! आणि धूर कुठाय? अप्पांची गाडी धूर सोडते, माझी एक फुंकर सोडत नाही."

गंमत तीच आहे. नव्या गाडीत सायलेन्सरच्या आधी धुरातली घाण कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो. जळालेल्या ऑइलचा निळा धूर बराचसा तो तिथेच गिळतो. जुनी गाडी चारचौघांत खोकते, नवी चोरून पिते. वर ऑइलमधलं फॉस्फरस त्या कन्व्हर्टरवर बसत जातं आणि तोही हळूहळू मरतो.

आता माझी चूक सांगतो. मी लगेच टर्बोवर, म्हणजे इंजिनात हवा कोंबणाऱ्या पंख्यावर, बोट ठेवलं. हायवेवरून आलं की हा पोरगा गाडी तशीच खटकन बंद करतो, शाफ्टपाशी ऑइल करपणारच. पण टर्बोनंतरचा पाइप काढला तर आत ओलसरपणा असतो तेवढाच. लिफ्टवर खाली कुठे थेंब नाही. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, चारही सिलिंडरला जवळजवळ सारखं. तिथे मी तासभर डोकं खाजवलं. मग प्लग काढले. एकाच्या तोंडावर काळपट, ओला थर. पिस्टनवरची खालची ऑइल रिंग अडकलीये. नव्या इंजिनात घर्षण कमी म्हणून रिंगा नाजूक, कमी ताणाच्या असतात. तिच्यामागची बारीक भोकं कार्बनने बुजली की भिंतीवरचं ऑइल खरवडून खाली जात नाही, वर जळतं. वरच्या दोन रिंगा शाबूत असल्या की कॉम्प्रेशन मात्र फर्स्टक्लास येतं.

पोराला मॅन्युअल उघडून दाखवलं. काही कंपन्या हजार किलोमीटरला अर्धा, तर काही एक लिटरपर्यंत ऑइल खाणं चालतं असंच धरतात. एक लिटरचा हिशोब करा: ३.६ लिटरची टाकी ३,६०० किलोमीटरमध्ये कोरडी, आणि सर्व्हिस १०,००० ला! मधल्या काळात बघायचं कोणी? मालकाने. त्याच पुस्तकात लिहिलेलं असतं, कोणी वाचत नाही एवढंच.

इंजिन खोलायला मी नको म्हटलं. योग्य ग्रेडचं ऑइल रेघेपर्यंत भरलं आणि हजार किलोमीटरनंतर ये म्हटलं. आला तेव्हा मापाने २७० मिली घालावं लागलं. आता ऑइल ५,००० ला बदलतो आणि दर दुसऱ्या रविवारी काडी बघतो.

अप्पांच्या खिशातली डायरी त्या दिवशी मी पहिल्यांदा नीट बघितली. पेट्रोल, हवा, ऑइल, सगळं पेन्सिलीने. त्यांची ८०० किती ऑइल खाते याचा हिशोब केला तर हजाराला १५० मिलीच्या आसपास. अप्पांनी ते पान पोरापुढे धरलं. "वाच बे. धूर कोण काढतंय आन् पितंय कोण?"

पोराच्या डिकीत आता ०डब्ल्यू-२० ची बाटली असते. अप्पांचा तो डबा मात्र त्याने अजून भरून दिलेला नाही. गॅरेजात आले की अप्पा चहाच्या आधी तेच सांगतात.